जेठीचा बिनपखालीचा तांडा

राजा वैरिसाल वाळवंट पायी ओलांडणार होता, आणि वाटेत एकही विहीर नव्हती!

पलीकडच्या राज्यात त्याचा साडू राज्य करी. त्याने भर मेजवानीत टोमणा मारला होता, "तुम्हाला पालखीतून उतरून गादीपर्यंत यायचं म्हटलं तरी धाप लागते!" झाले! वैरिसालाने मिशीला हात लावून शपथ घेतली, "पुढच्या मेजवानीला पायी येईन!"

शपथ राजाने घेतली, घाम दिवाण सुगनचंदाला फुटला. त्याने हिशेबात राजाला प्यायला पाणी धरले, पाय धुवायला धरले, मिशीला लावायला गुलाबपाणी धरले. ते वाहायला उंट आले. उंटांमागे हाकणारे आले. हाकणाऱ्यांना तहान लागणार, म्हणून त्यांचे पाणी आले. ते वाहायला आणखी उंट, त्यांच्यामागे आणखी हाकणारे! महिनाभर दिवाण हिशेब मांडत राहिला. शेवटी असे निघाले, की निम्म्या वाटेत सगळे पाणी वाहणारेच पिऊन टाकणार आणि राजाच्या वाट्याला गुलाबपाणी उरणार.

"मग उंट वाढवा!" राजा गरजला. "एवढंही सुचत नाही?"

दिवाणाने ताबडतोब उंट वाढवले, स्वतःचे नव्हे. गावाबाहेर भोमा नावाच्या उंटपाळाचा कळप होता. त्यातल्या नुकत्याच व्यालेल्या उंटिणींवर पाण्याच्या कातडी पखाली लादायचा हुकूम निघाला. पिल्ले वाटेत लुडबुडतात, म्हणून ती मागेच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी भोमाची मुलगी जेठी दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, आईवाचून ही पिल्लं जगायची नाहीत. कळप गेला तर आमचं घर बसलं."

"आणि माझ्या शपथेचं काय?"

"शपथ तुमची, आणि मरायचं आमच्या पिल्लांनी? बरं, एवढं करूनही पाणी पोचायचं नाहीच! दिवाणजींचा तांडा पाणी न्यायला नाही, पाणी प्यायला निघालाय!"

दरबारात खसखस पिकली. दिवाण लालबुंद झाला. "लेंड्या वेचणारी पोर आम्हाला तांडा हाकायला शिकवणार? मग तूच ने की महाराजांना!"

"नेते."

"पाणी किती घेशील?" राजाने विचारले.

"थेंबभरही नाही."

आता तर दरबार पोट धरून हसला. राजाला चेव आला. "ठरलं! एकाही पाठीवर पखाल नाही, डोक्यावर घागर नाही, धान्याची गोणी नाही. आणि वाटेत मी तहानेनं कासावीस झालो, तर सगळा कळप माझा!"

"आणि नाही झालात तर?"

"तर तुझ्या उंटिणींना कुणी हात लावणार नाही. राजाचा शब्द!"

"मग माझंही ऐका. यंदा पाऊस झालाय. झुडपं हिरवी आहेत तोवरच निघायचं. सोबत मोजकी माणसं घ्यायची, आणि चालायचं कळपाच्या चालीनं."

"माझी चाल तुझ्या उंटांपेक्षा बरी आहे!"

"वाळूत दिसेलच!" जेठी म्हणाली.

वाळूत दिसले. उंटिणी झुडपे ओरबाडत रमतगमत चालल्या होत्या, पिल्ले बागडत होती, आणि राजा सर्वांच्या मागे धापा टाकत होता. एखादे पिल्लू जरा रेंगाळले की राजा मोठ्या मनाने म्हणे, "बिचाऱ्याला विश्रांती द्या!" आणि त्याच्याआधी स्वतः बसे.

संध्याकाळी सोबत आलेला दिवाण खवचटपणे म्हणाला, "कुठं गं तुझी विहीर?"

"ही काय, चरतेय!"

जेठीने एका उंटिणीला तिचे पिल्लू लावले. पिल्लू दोन घोट प्यायले, उंटिणीने पान्हा सोडला. जेठी एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या गुडघ्यावर भांडे टेकवले आणि बघता बघता ते फेसाळ दुधाने भरले. राजाने ते एका दमात रिकामे केले. तहानही गेली, भूकही गेली.

"हा अटीचा भंग आहे!" दिवाण ओरडला. "एवढं दूध वाहून आणलं!"

"कुणाच्या पाठीवर, ते दाखवा! पोटाखाली वाहायचं नाही असं कुठं ठरलं होतं?"

असेच निम्मे वाळवंट सरले. राजाचा शब्द मात्र राजासारखाच होता. थोडे चालला की बसायचा. दिवाण त्याच्या कानाशी लागला, "सरकार, असा कळप हिच्या झोपडीत कशाला? यावर फौज चालेल!"

राजाला पटले. दुसऱ्याचे घ्यायचे असले की त्याला चटकन पटे. "आजपासून हा कळप खजिन्यात जमा!"

जेठीने भांडे दिवाणाच्या हातात दिले आणि वाळूच्या टेकाडावर जाऊन बसली. "जशी आज्ञा."

संध्याकाळ झाली. सरकारी दूध फुकट जायला नको, म्हणून दिवाणाने आधी पिल्ले लांब बांधली आणि मग उंटिणीशी झटू लागला. एक थेंब येईना. त्याने आणखी जोर केला. उंटिणीने भांडे लाथाडले, मान वळवली आणि तोंडातला सगळा रवंथ दिवाणाच्या पगडीवर ओतला.

राजाची जीभ टाळूला चिकटली होती. "जेठी, ऊठ! दूध काढ!"

"कुणाच्या उंटिणीचं, महाराज?"

"माझ्या!"

"मग तुम्हीच काढा. माझी असती तर मी काढलं असतं."

"हा राजाचा हुकूम आहे!"

"तो तिला ऐकवा. पान्हा तिला सोडायचाय!"

"अगं, इथं मी तहानेनं कासावीस झालोय!"

"तेच तर ठरलं होतं, महाराज! तुम्ही कासावीस झालात तर कळप तुमचा. कळप तुम्ही आधीच घेतलात. आता निवांत कासावीस व्हा!"

राजाची नजर दिवाणाच्या हिरव्या, ठिबकणाऱ्या पगडीवर गेली, आणि कोरड्या घशाने तो असा हसत सुटला, की त्याला खोकलाच आला.

"तुझा कळप तुला परत! आणि धोरगढचं माझं राखीव कुरण आजपासून तुझ्या उंटिणींचं. आता तरी ऊठ, बाई!"

जेठी उठली, पदर खोचला आणि भांडे उचलून एका पायावर उभी राहिली.

"दिवाणजी," राजा म्हणाला, "बघत काय राहिलात? पिल्लू सोडा!"