पीळ देणाऱ्याने आधी उतरावे

पूर्वी रोहितनगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दोर वळणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. लोक त्याला भद्रक म्हणत. त्याच्या बायकोचे नाव कुमुदा. नगराबाहेर एका तळ्याकाठी त्यांची झोपडी होती आणि त्या तळ्यावरच दोघांचे पोट होते. अंबाडी कापून आणायची, वीस दिवस तळ्यात कुजत घालायची, मग गुडघाभर पाण्यात उभे राहून सोलायची, निघालेला वाख, म्हणजे सालीचे तंतू, धुऊन वाळवायचा आणि दोर वळायचे. तीस वर्षे हेच चालले होते. कुमुदेच्या पायांच्या बोटांतल्या चिखल्या उन्हाळ्यातसुद्धा भरत नसत.

भद्रकाच्या घराण्याची एक रीत होती. विहीर खणणाऱ्यांसाठी वळलेला दोर तो तसाच हाती देत नसे. ज्याने पीळ दिला त्याने आधी त्या दोरावर विहिरीत उतरायचे, तळाला पाय टेकवून वर यायचे, मगच तो दोर खणकऱ्यांचा. ही अट खणकऱ्यांनी घातलेली नव्हती. भद्रकाच्या आजोबांनी ती स्वतःलाच घालून घेतली होती.

एका वर्षी नगरातल्या विहिरी आटल्या. राजाने मधल्या चौकात एक मोठी विहीर खणायला काढली. वीस पुरुष खोल गेल्यावर जुने दोर झिजले, तेव्हा राजाचा अधिकारी विरोचन तळ्यावर आला. कुजणाऱ्या अंबाडीच्या वासाने त्याने नाकाला उपरणे लावले.

"भद्रका, दहा दिवसांत चार दोर दे. महाराजांच्या जन्मदिवशी पाणी लागलं पाहिजे."

"अंबाडी कालच पाण्यात घातली आहे," भद्रक म्हणाला. "वीस दिवस तरी लागतील. कच्चा वाख आतून तुटतो."

"मग वरून तेल चोळ. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. मलाच उतरायचं आहे ना त्यावर."

विरोचन हसला. "नको उतरूस. तुझ्यावर सक्ती कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही," भद्रक म्हणाला, आणि हातातल्या दोराला पीळ देऊ लागला.

विरोचनाने ते काम धनुक नावाच्या दुसऱ्या दोरवाल्याला दिले. दोर लवकर व्हावेत म्हणून तळेही त्यालाच दिले. सूर्य मावळायच्या आत झोपडी मोकळी करायची होती.

कुमुदेने गाडगी-मडकी टोपलीत भरली. दोन कोसांवरच्या खेड्यात एका गुरांच्या गोठ्याशेजारी त्यांना जागा मिळाली. भद्रक तिथे बाजांची सुंभे वळू लागला. दिवसभर वळून संध्याकाळी दोघांपुरती पेज होई, कधी एकापुरतीच.

"अहो, तुमच्या सत्याला भूक लागत नाही," कुमुदा एक दिवस म्हणाली. "मला लागते."

"खरं आहे तुझं," भद्रक म्हणाला. त्याने आपली पेज तिच्याकडे सरकवली. त्याने भांडण केले असते तर तिला बरे वाटले असते. ती फार थकली होती. चांगले वागण्याचासुद्धा माणसाला शीण येतो, हे तिला या वयात कळत होते.

इकडे नगरात धनुकाचे दोर आले. तेल लावलेले, सोन्यासारखे झळकणारे. राजा स्वतः पाहायला आला होता. खणकऱ्यांचा म्होरक्या बिंबक विहिरीच्या काठावर आला आणि हात जोडून धनुकाला म्हणाला, "चला दादा, उतरा."

"मी? मी कशाला उतरू?"

"ज्यानं पीळ दिला तो आधी उतरतो. आम्ही आजवर तसंच पाहिलंय."

"खणायचं काम तुमचं. मी काय बेडूक आहे विहिरीत उतरायला?"

खणकरी हसले, पण दोराला कोणी हात लावला नाही. राजाने विचारले, "धनुका, दोर मजबूत आहे ना?"

"आहे, महाराज."

"मग उतर."

धनुकाने विहिरीत डोकावून पाहिले.  तो मागे सरला आणि खाली बसला. राजाने विरोचनाकडे नुसते पाहिले.

दुसऱ्या दिवशी बिंबक खेड्यात आला. "काका, महाराजांनी तळं परत दिलंय. चला. वीस दिवस लागोत नाहीतर तीस. आम्ही थांबतो."

भद्रकाने सुंभ खाली ठेवले. "बाबा रे, अर्धपोटी सुंभं वळून आता खांदा वर जात नाही. एवढ्या दोराला पीळ द्यायची ताकद माझ्यात उरली नाही."

 कुमुदेने बिंबकाच्या कोरड्या, भेगाळलेल्या हातांकडे पाहिले. त्याची घरची माणसेही पाण्यावाचून असतील. ती उठली. "पेड तुम्ही धरा," ती नवऱ्याला म्हणाली. "पीळ मी देईन. तीस वर्षं बघतेच आहे."

विरोचन आला त्याच्या आदल्या दिवशी तळ्यात घातलेली अंबाडी धनुकाने अर्धी उपसली होती. उरलेली, वीस दिवस भरताच, पुरती कुजली. दोघांनी ती सोलली, वाळवली आणि दोर वळला. प्रत्येक पीळ देताना कुमुदा तोंडाने कुरकुरत होती, आणि हात एकदाही सैल सोडत नव्हती.

विहिरीवर भद्रक दोराला बांधलेल्या पाटीत बसायला पुढे झाला, तेव्हा तिने त्याचा दंड धरला.

"सरका. पीळ मी दिलाय."

"अगं, नाव माझं आहे. रीत माझ्या घराण्याची."

"मग मी कोणत्या घराण्याची? पीळ देणाऱ्यानं उतरायचं ना? रीत आहे तर नीट पाळा."

 भद्रक तिच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि पाटीची गाठ तपासून बाजूला झाला.

ती उतरू लागली. वरचे आभाळ ताटाएवढे झाले, मग वाटीएवढे. तिला भीती वाटली. पण दोर कुठे कसा वळला आहे ते तिला वीत न् वीत ठाऊक होते. त्यात लपवलेले काही नव्हते. तळाच्या ओलसर मुरुमावर पाय टेकले, तेव्हा कित्येक दिवसांनी तिला स्वस्थ वाटले. भुकेपेक्षाही जड काहीतरी अंगावरून उतरले होते.

वर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "चांगला आहे."

बिंबक पाटीत बसला. त्याने दोराकडे पाहिलेसुद्धा नाही. नवव्या दिवशी पाणी लागले. राजाचा जन्मदिवस कधीच होऊन गेला होता. पण नगर पाणी पीत होते. राजाने राज्यातल्या सगळ्या विहिरींचे दोर भद्रक आणि कुमुदा यांच्याकडेच सोपवले, आणि त्यांच्याकडे शिकायला दूरदूरचे दोरवाले येऊ लागले.

एवढे सांगून तथागत बुद्ध समोर बसलेल्या वृद्ध भिक्षुणी नंदवतीकडे वळले. नियम पाळून पाळून आपण थकलो, हाती काय आले, असे ती सकाळी म्हणाली होती.

"नंदवती, तेव्हाचा धनुक म्हणजे नियम अवघड वाटून संघ सोडून गेलेला एक भिक्षू. बिंबक म्हणजे रोज विहारात पाणी भरणारा उपासक. भद्रक मी होतो. आणि कुरकुरत का होईना, खरा पीळ देणारी आणि आधी उतरणारी कुमुदा तूच होतीस. मी पेड धरले, उतरलीस तू."

नंदवतीने डोळे पुसले आणि भिक्षापात्र उचलले.

जे दुसऱ्याच्या हाती द्यायचे, त्यावर आधी आपला भार टाकून पाहणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.