काजळकडीचा निवाडा

त्या राज्यात मधाची किंमत त्याच्या नावावर ठरे, आणि सगळ्यांत मोठं नाव होतं काजळकडीचं. काजळकड्यावर कारवी सात वर्षांनी एकदा फुलायची. त्या फुलोऱ्यात कड्यावरच्या आग्या माश्या जो दाट, काळसर मध साठवत, तो काजळकडी. निघायचा थोडाच, कड्याखालच्या चार घरांना मिळाला तरी पुष्कळ.

नदीपलीकडच्या गांधीलमाश्यांनी हे हेरलं. मध करणं त्यांच्या जातीत नव्हतं. त्यांनी उसाची काकवी आटवली, बुधले भरले, वर ‘काजळकडी’ लिहिलं आणि पिढ्यान् पिढ्या, बारा महिने, राज्यभर खपवलं.

कड्यावर येसाक्का सगळ्यांत वयस्क. तरण्या माश्या तिला म्हणाल्या, “आक्का, एकदा तुटूनच पडू.”

डंख मारणारी माशी परत येत नाही, हे येसाक्कानं दोन बहिणींच्या वेळी पाहिलं होतं. ती म्हणाली, “नको गं. राज्यात कायदा आहे. दाद मागू.”

राजा अस्वल होता. मधातलं त्याला कळणारच, असा तिला भरवसा होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“रास्त आहे,” तो म्हणाला. “नाव खऱ्याचंच. खोट्यानं यापुढे आपल्या मधावर ‘काजळकडीसारखा’ असंच लिहायचं.”

येसाक्काचे पंख आनंदानं थरथरले.

“आता दोन्ही मध आणा. खरा कोणता ते ठरवू.”

दोन द्रोण आले. गांधीलमाश्यांचा चाटताच राजाचे डोळे मिटले. “हाच! लहानपणी आई हाच चाटवायची.” मग त्यानं येसाक्काचा चाखला आणि तोंड वाकडं केलं. “हा घशाशी कडू लागतो.”

“महाराज, कारवीचा मध कडसरच असतो.”

“मग आमच्या आईनं आम्हाला चाटवलं ते काय होतं?”

दरबारात मान वर करायची कुणाची छाती झाली नाही. उत्तर येसाक्काच्या ओठांवर होतं. तिनं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्षी सरकारी पाटी घेऊन कड्यावर आला. “जरा सरका, बायांनो,” तो म्हणाला. पाटी रुंद होती. ती मावेना, म्हणून त्यानं पोळ्याची एक कड कापून काढली आणि पाटी पक्की ठोकली. कापल्या जागेतून काळसर मध ठिबकू लागला आणि ‘काजळकडीसारखा’ या अक्षरांवरून सावकाश ओघळत राहिला.