दिगू विरजण घेऊन कार्यशाळेला गेला

सोनतळे गावात एक कॉलेज होतं, कॉलेजात एक प्रयोगशाळा होती आणि त्या प्रयोगशाळेत एक भोळा संशोधक होता. नाव दिगंबर, पण सगळे दिगू म्हणत. भोळा असला तरी चांगला शिकलेला होता. परीक्षेत जसं लिहायला सांगत, अगदी तसंच तो लिहायचा, म्हणून दर वर्षी पहिला यायचा. असा पहिला येत येत तो संशोधक झाला, तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिगूच्या मार्गदर्शक होत्या शिराळकर मॅडम. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि जीव एकाच गोष्टीत अडकला होता. वरच्या वाडीत हिराक्का नावाची गवळण राहायची. तिच्या घरचं दही कितीही शिळं झालं तरी आंबट होत नसे. त्या दह्यात कुठला तरी वेगळाच जिवाणू असणार, असं मॅडम कित्येक वर्षं म्हणत होत्या. मग हिराक्का थकली, म्हशी विकून लेकीकडे राहायला निघाली. जाताना उरलेलं विरजण मॅडमच्या हातात देऊन म्हणाली, "बाई, माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलंय. मोडू देऊ नगा."

मॅडमनी ते बोटाएवढ्या नळीत घातलं आणि बूच लावलं. आता जगात तेवढंच उरलं होतं.

तेवढ्यात शहरातल्या एका मोठ्या संस्थेचं बोलावणं आलं. रेणू-जीवशास्त्राच्या तरुण संशोधकांसाठी प्रगत कार्यशाळा होती. ज्याने त्याने आपापला नमुना आणायचा. तिथलं मशीन त्या नमुन्याचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचून दाखवणार होतं. म्हणजे दह्यातला जिवाणू कोण, ते कळणार होतं. मॅडम काही तरुण नव्हत्या. कॉलेजात तरुण होता तो दिगू. मॅडमना रात्रभर झोप लागली नाही, पण इलाज नव्हता.

"तिथले लोक सांगतील तस्सं कर," मॅडम एस्टी स्टँडवर त्याला म्हणाल्या. "स्वतःचं डोकं चालवू नकोस. आणि काही झालं तरी नळी मला परत आणून दे."

दिगू म्हणाला, "बरं." आणि लक्षात ठेवलं. दिगूचं वाईट एवढंच होतं, की तो लक्षात ठेवायचा.

कार्यशाळा डॉ. मालशे चालवत होते. माणूस शांत होता. निदान पहिल्या दिवशी सकाळी तरी होता. त्यांनी सगळ्यांना रबरी हातमोजे वाटले आणि सांगितलं, की इथे कशालाही उघडा हात लावायचा नाही. दिगूने हातमोजे घातले ते चहा पितानाही काढले नाहीत.

मग मालशे सरांनी सेंट्रिफ्यूज दाखवलं. हे गरागरा फिरणारं यंत्र. त्यात नळी ठेवून फिरवली की जड भाग तळाशी बसतो. दिगूने आपली एकुलती एक नळी त्यात ठेवली आणि बटण दाबलं. यंत्र थडाथडा उडायला लागलं आणि टेबलावरून चालत चालत कडेपर्यंत आलं. दोघातिघांनी त्याला मिठी मारून थांबवलं. नळी वाचली.

"अहो, असं नसतं करायचं," मालशे सर म्हणाले. "एका बाजूला वजन ठेवलं की बरोबर समोर तेवढंच वजन ठेवायचं. आधी तोलून बघायचं, मगच सुरू करायचं."

दिगू म्हणाला, "बरं." आणि लक्षात ठेवलं.

दुपारी उद्घाटन होतं. बंगळूरहून डॉ. थत्ते आले होते. थत्ते या विषयातले बडे तज्ज्ञ, आणि अंगानेही बडेच. त्यांना मंचावर नेऊन बसवायचं काम दिगूकडे आलं, कारण त्याचे हातमोजे स्वच्छ दिसत होते. दिगूने मंच पाहिला. थत्ते सरांची खुर्ची एका टोकाला होती. दुसऱ्या टोकाला बसणार होत्या एक किडकिडीत बाई. दिगूला सेंट्रिफ्यूज आठवलं.

त्याने थत्ते सरांना आधी कोठीत नेलं आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. थत्ते सरांना वाटलं, सुरक्षेची काही तरी नवी पद्धत असेल. मग दिगू तेवढ्याच वजनाचा माणूस शोधायला निघाला. असा माणूस सगळ्या संस्थेत एकच निघाला, कॅन्टीनचे आचारी शिवरामकाका. किडकिडीत बाईंना उठवून दिगूने काकांना कढईपासून थेट मंचावर आणून बसवलं. सूत्रसंचालकाने समोर दिसेल त्याला पुष्पगुच्छ दिला, तो काकांनी घेतला. आभाराचे दोन शब्दही बोलले. थत्ते सरांना गुच्छ उरला नाही.

"आता सुरू करा सर," दिगू मालशे सरांच्या कानात म्हणाला. "तोल बरोबर झालाय."

कार्यक्रम संपल्यावर मालशे सरांनी त्याला बाजूला घेतलं. पाहुण्याला वजन विचारणं शोभत नाही, हे त्यांनी पुष्कळ वेळ समजावलं. "बाहेरगावाहून कोणी आलं की मऊ जागेवर बसवावं, वर पंखा लावावा, पाणी द्यावं. थोडा वेळ निवांत बसू द्यावं. लगेच उठवू नये. कळलं?"

दिगू म्हणाला, "बरं." आणि लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कुरियरवाला आला. परदेशातून एन्झाइमची पेटी आली होती, बर्फात घातलेली. सगळी कार्यशाळा त्या पेटीवर अवलंबून होती. ती दिगूने घेतली. पेटी फार लांबून आली आहे, हे त्याला वरच्या तिकिटांवरून कळलं. त्याने पेटी उघडली, आतल्या बाटल्या बर्फातून काढून सोफ्यावर ओळीने बसवल्या, पंखा मोठा केला आणि प्रत्येक बाटलीसमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मालशे सर जेवून आले, तेव्हा दिगू दाराशी उभा राहून लोकांना आवाज करू नका म्हणून सांगत होता.

एन्झाइम नाजूक असतात. उन्हाळ्यातल्या दुपारी सोफ्यावर बसलेले एन्झाइम कामाचे राहत नाहीत. मालशे सर त्या सोफ्यावर, बाटल्यांच्या शेजारी, बराच वेळ बसून राहिले. दिगूने त्यांच्यापुढेही पाणी ठेवलं.

"बाहेरून काहीही आलं," मालशे सर शेवटी म्हणाले, "काहीही, तरी आल्या आल्या थंड खोलीत नेऊन ठेवायचं. दार घट्ट लावायचं. मिनिटभरही बाहेर ठेवायचं नाही. एवढं तरी जमेल ना?"

दिगू म्हणाला, "बरं." आणि लक्षात ठेवलं.

आता पुढे काय झालं ते ऐकणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. थत्ते सर रागावून हॉटेलात जाऊन बसले होते. मालशे सरांनी हातापाया पडून त्यांना भाषणाला परत बोलावलं. ते गाडीतून उतरले तर फाटकाशी नेमका दिगू. त्याने अदबीने बॅग घेतली, या या म्हणत त्यांना आत नेलं, लोखंडी दार उघडलं, थत्ते सर आत शिरले आणि दिगूने दार घट्ट लावलं. सभागृहात लोक वाट बघत होते. थत्ते सरही वाट बघत होते, पण फडताळांमध्ये, बर्फाच्या डब्यांशेजारी, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे दात वाजत होते. त्यांच्या सत्कारासाठी आणलेली शाल मालशे सरांनी सत्कार न करताच त्यांच्याभोवती गुंडाळली. शिवरामकाका धावत कोमट दूध घेऊन आले.

"माणूस गारठला की असं करायचं असतं," मालशे सर दिगूला म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा चिरकत होता. "कोमट दूध. गरम नाही, कोमट. मग शालीत गुंडाळायचं आणि हलवायचं नाही. पडून राहू द्यायचं. त्याने गेलेला जीवसुद्धा परत येतो."

दिगू म्हणाला, "बरं." आणि लक्षात ठेवलं.

या सगळ्या गोंधळात दिगूच्या नळीचं मात्र काही धड चाललं नव्हतं. मशीनला वाचायला पुरेसा जिवाणू लागतो, म्हणून आधी तो वाढवावा लागतो. मालशे सरांनी नळीतला कण कण घेऊन नाना तऱ्हेच्या बश्यांत पेरून पाहिला. बश्या कोऱ्याच राहिल्या. एस्टीच्या प्रवासात विरजण उकाड्याने हैराण झालं असावं. नळीच्या तळाशी थोडंसं उरलं होतं, ते त्यांनी बर्फात ठेवलं. मॅडमना फोन करून ते म्हणाले, की फार आशा ठेवू नका. मॅडमनी एवढंच विचारलं, "दिगू नीट जेवतो ना?"

हे दिगूला कळलं तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. तो नळीपाशी गेला. हातात घेतली तर बर्फासारखी गार. बिचारी गारठली होती.

तो कॅन्टीनमध्ये गेला. शिवरामकाकांचं मोठं पातेलं दुधासकट उचलून आणलं, कोमट केलं, नळीतलं सगळं त्यात ओतलं, थत्ते सरांची शाल पातेल्याभोवती गुंडाळली आणि कोणी हलवू नये म्हणून शेजारी बसून राहिला.

सकाळी पातेलंभर दही लागलं होतं. पांढरं, घट्ट, कवडी पडलेलं. मालशे सरांनी बोट लावून चाखलं, तर गोड. मग थोडं काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवाणूंची दाटी झाली होती. बश्यांत जे जमलं नाही ते पातेल्यात झालं होतं. त्यांनी दिगूला मिठी मारली. मॅडमना फोन लावला, तर मॅडम रडायलाच लागल्या. सोमवारी मशीन मोकळं होणार होतं, तेव्हा पहिला नंबर हिराक्काच्या दह्याचा, असा शब्द मालशे सरांनी देऊन टाकला.

आणि आनंदाच्या भरात ते दिगूला आणखी एक गोष्ट शिकवून बसले.

"इतकी अनमोल गोष्ट कधी एका जागी ठेवू नये," ते म्हणाले. "चार प्रयोगशाळांत थोडी थोडी वाटावी. एकीकडची गेली तरी दुसरीकडे राहते. इथे जमलेल्या प्रत्येकाला वाटा द्यायचा."

दिगू म्हणाला, "बरं." मालशे सर बश्या आणायला वर गेले. ते खाली आले तेव्हा समारोपाचं जेवण चाललं होतं आणि दिगू पंगतीत दही वाढत होता. इथे जमलेला एकही माणूस त्याने सोडला नाही. थत्ते सरांनी तर तीनदा मागून घेतलं. असं दही बंगळूरला मिळत नाही, म्हणाले. त्यांचा सगळा राग गेला.

मालशे सर पातेल्याकडे धावले. पातेलं खरवडलेलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या ताटाशी दिगूने एक वाटी भरून ठेवली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, वर झाकण ठेवलं आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवली.

"या वाटीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. दिगू म्हणाला, "बरं."

संध्याकाळी दिगू पातेलं परत करायला कॅन्टीनमध्ये गेला. तिथे शिवरामकाकांनी त्याला फैलावर घेतलं. दुसऱ्याचं भांडं असं खरकटं परत देतात का? तुझ्या आईने काही शिकवलं नाही का? "भांडं घासून पुसून द्यावं," काका म्हणाले. "आणि रिकामं देऊ नये. चिमूटभर साखर तरी घालावी."

दिगू म्हणाला, "बरं." आणि लक्षात ठेवलं.

रविवारी तो सोनतळ्याला पोचला. मॅडम स्टँडवरच उभ्या होत्या. दिगूने आधी नळी काढून त्यांच्या हातात दिली. लखलखीत घासलेली होती. आत साखर होती.

मॅडमनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"रिकामी कशी देणार?" दिगू म्हणाला.

मग मॅडमना मालशे सरांनी फोनवर सांगितलेल्या वाटीची आठवण झाली. एक वाटी. एक वाटी म्हणजे पुष्कळ झालं, विरजणाला चमचाभरसुद्धा पुरतं. त्यांनी तिथूनच फोन लावला. मालशे सर म्हणाले, काळजी करू नका बाई, वाटी फ्रिजमध्ये आहे, मी शेजारीच उभा आहे. थांबा, उघडूनच सांगतो. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. झाकण काढल्याचा आवाज आला.

"बाई," मालशे सर म्हणाले, "यात साखर आहे."

मॅडमनी फोन कानापासून दूर केला आणि दिगूकडे पाहिलं.

"वाटी कॅन्टीनची होती," दिगू म्हणाला. "घासून, साखर घालून द्यायला गेलो, तर शिवरामकाका गावाला गेलेले. म्हणून जिथली तिथे ठेवली."

"आणि दही?"

"टाकलं नाही हो मॅडम. अन्न कोणी टाकतं का? येताना एस्टीत खाल्लं." दिगूला ती चव आठवली. "अजून गोड होतं."

फोनमधून मालशे सरांचा आवाज आला. अरे, वाटीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला, असं ते विचारत होते, आणि आता ते मुळीच शांत नव्हते.

दिगूला आता मात्र स्वतःबद्दल वाईट वाटलं. इतकं मन लावून शिकला, तरी सरांना त्याच्यावर भरवसा नव्हता. त्याने खिशातून रबरी हातमोजे काढले आणि फोनला दिसतील असे धरले.

"हात कुठे लावला सर?" तो म्हणाला. "हे घातले होते."