सहा टोपल्या माती

एक होती कुंभारीण. गोष्टीत राजासुद्धा आहे, पण तो नंतर येईल. राजांना जरा ताटकळत ठेवावं, बरं का, त्यानं त्यांची प्रकृती ठणठणीत राहते.

तर या कुंभारणीचं नाव भिवरा. चिकणगावात, नदीच्या वळणावर तिचं घर. घरात नवरा तुळाजी, मुलगी चिमी, तान्हा म्हादू आणि सासू ठकूबाई. ठकूबाईंच्या तोंडात दात दोन, पण शब्द पोतंभर.

भिवरेला एक खोड होती. गोल काही दिसलं की बोटाच्या पेरानं टक् टक् वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर मडकं पक्कं, बद्द वाजलं तर आत भेग. मडकी वाजवता वाजवता हात असा सोकावला की बाई नारळ वाजवायची, भोपळे वाजवायची. एकदा भर लग्नात नवरदेवाच्या बापाचं पोट वाजवलं. हसू नका रे, तो बिचारा जेवत होता.

पण भिवरेचा माठ म्हणजे माठ! तीन गावच्या बायका तिच्या दारी यायच्या. सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून. मडकी भाजायला आवा पेटवला की धूर घरात शिरायचा आणि म्हादू खोकायचा. खोकून खोकून निळा व्हायचा. मग वैद्यबुवा आले. नाडी बघितली, मिशी ओढली आणि म्हणाले, "भिवराबाई, आणखी एक हिवाळा या धुरात काढलात तर पोराचं काही खरं नाही. धूर सोडा."

"आवा विझवला तर चूलसुद्धा विझेल की, वैद्यबुवा," भिवरा म्हणाली.

यावर वैद्यबुवांकडे औषध नव्हतं. त्यांनी पुन्हा मिशी ओढली आणि गेले.

मग एकदा काय झालं, अंगणात एक बगळा उतरला. केवढा? गोठ्याएवढा! कोंबड्या जात्याखाली शिरल्या, तुळाजी कोंबड्यांच्या मागे.

"कुंभार इथंच राहतात का?" बगळ्यानं विचारलं.

"राहतात. पाय पूस आधी," ठकूबाई म्हणाल्या. "आत्ता सारवलंय अंगण."

बगळ्यानं मुकाट्यानं पाय पुसले. मग निरोप सांगितला. सात डोंगरांपलीकडे सोन्याचा देश आहे. तिथं ताट सोन्याचं, हंडा सोन्याचा, म्हशीची दावणसुद्धा सोन्याची. पण सोन्याच्या हंड्यात पाणी दुपारपर्यंत कढत होतं. देशभर लोक चिडचिडे झालेत. राजाला कुंभार हवाय. घर देईल, शेत देईल, मान देईल. आणि मडकी भाजायला धूर करावा लागत नाही. तांबड्या डोंगराच्या पोटात ठेवली की आपली आपण भाजतात.

धूर नाही म्हटल्यावर भिवरेनं कान टवकारले.

"पण ऐका," बगळा म्हणाला. "मी एका घरासाठी तीनदाच उडतो. एकदा बघायला नेतो, एकदा परत आणतो, आणि एकदा कायमचं नेतो. चौथं उड्डाण नाही."

तुळाजी म्हणाला, "चला!" ठकूबाई म्हणाल्या, "मुळीच नाही!" मग सगळी आळी गोळा झाली. अर्धी म्हणे जा, अर्धी म्हणे मराल. जे जा म्हणत होते त्यांचा भिवरेच्या घरावर डोळा होता, ते राहू दे.

भिवरा म्हणाली, "मडकं वाजवल्याशिवाय घेत नाही मी. देश कसा घेईन?" तिनं म्हादूला काखेला मारलं आणि बसली बगळ्याच्या पाठीवर.

पहिल्या दिवशी तिनं तिथली माती बघितली. चिमूटभर तोंडात टाकली. लोण्यासारखी! एक कण दाताखाली येईना. दुसऱ्या दिवशी तांबडा डोंगर बघितला. आत धग रटरटत होती आणि धुराचा धागासुद्धा नव्हता. आणि दोन दिवसांत म्हादू एकदाही खोकला नाही. गाल कसे, फुगलेल्या पुऱ्या! भिवरेचा जीव तिथंच अडकला.

तिसऱ्या दिवशी राजा भेटला. हा बघा, आला राजा. मुकुट उन्हानं तापतो म्हणून त्यानं तो मांडीवर काढून ठेवला होता. आणि डोकं! नुकत्याच भाजून निघालेल्या माठासारखं तुकतुकीत. भिवरा नमस्काराला वाकली, सरळ झाली, डोकं अगदी हाताशी आलं. मग काय होणार?

टक् टक्!

दरबार गार पडला. शिपायांनी भाले उचलले. राजानं मात्र हात वर केला आणि हळूच विचारलं, "कसं वाजलं?"

भिवरा घाबरली होती, पण मालाबद्दल खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "बद्द वाजलं, महाराज. आत भेग आहे. तुम्ही काहीतरी झाकून ठेवलंय."

राजाची मान खाली गेली. "झाकलंय खरं," तो म्हणाला. "इथलं पाणी प्यायलं की बाहेरचा माणूस हळूहळू आपलं नाव विसरतो, गाव विसरतो, आपली माणसं विसरतो. तिसाव्या दिवशी कारकून वही घेऊन येतो. ज्याला नाव सांगता आलं नाही, त्याच्यापुढे 'राजाचा माणूस' असं लिहितो. मग तो आणि त्याची मुलंबाळं कायमची माझी. विणकर आला, सुतार आला, माळी आला. सगळे सुखात आहेत. फक्त कोण आहेत ते त्यांना ठाऊक नाही."

"आणि हे आधी सांगत नाही तुम्ही?"

"सांगितलं तर येईल कोण?"

"न सांगता आणलेला माणूस आपला कसा हो म्हणायचा, महाराज?" भिवरा म्हणाली. शिपायांना वाटलं आता गेली ही. पण राजा टकलावरून हात फिरवत बसला.

मग बगळ्यानं भिवरेला परत आणलं. दारात शेजारीण भेटली. वीस वर्षांपासूनची शेजारीण! पण तिचं नाव आठवायला भिवरेला जरा वेळ लागला. आणि अंगणात पाय ठेवते न ठेवते तोच म्हादू खोकला.

तिनं घरच्यांना सगळं सांगितलं. गोड तेवढं पुढे आणि कडू मागे, असं केलं नाही. "इथं राहिलो तर खोकला आहे. तिथं गेलो तर विसर आहे. बोला."

तुळाजी डोकं खाजवत बसला. ठकूबाई म्हादूच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पोर खोकत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आपण विसरलो तर रडू. पोरच नाही राहिलं तर आठवून तरी काय करायचं? चल सूनबाई, बांध पसारा."

मग भिवरेनं बगळ्याला अंगणात थांबवून घेतलं आणि एका पोपटाबरोबर राजाला तीन अटी कळवल्या. एक, सासूबाई आमच्याबरोबर येणार. दोन, चिकणगावची सहा टोपल्या माती येणार. तीन, यापुढे ज्याला बोलावशील त्याला विसराची गोष्ट आधी सांगायची. राजानं कबूल केलं. बगळा मात्र कुरकुरला. "सोन्याच्या देशात नेतोय आणि माती कसली नेता?" ठकूबाई म्हणाल्या, "तू उडायचं बघ."

आळी वेशीपर्यंत पोचवायला आली. बायका रडल्या. भिवरासुद्धा रडली, पण बगळा उडाल्यावर, म्हणजे कुणाला दिसणार नाही.

नव्या घरी तुळाजीनं काय केलं? चिकणगावच्या सहा टोपल्या देवाच्या कोनाड्याखाली ओळीनं मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. हात जोडले. आणि मडकी केली नव्या मातीची. का, तर जुनी संपून जाईल! शहाणा माणूस. असे शहाणे घरोघरी असतात.

नवी माती मऊ, चाकावर नुसती नाचायची. पण मडकी वाळायला ठेवली की तडकायची. पहिला घाणा तडकला. दुसरा तडकला. तिसरासुद्धा तडकला. त्या मातीत कण नव्हता ना, धरून ठेवणार कोण?

इकडे विसर घरात शिरत होता. ठकूबाईंच्या शब्दांचं पोतं मोठं, ते रिकामं व्हायला तेवढा वेळ लागत होता. दहाव्या दिवशी तुळाजी गावचं नाव विसरला. पंधराव्या दिवशी त्यानं भिवरेला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" भिवरा म्हणाली, "तुमच्याचकडची. दुर्दैव माझं!" ती हसली खरी, पण तिलाही आता माहेरची वाट अर्धीच आठवत होती.

विसाव्या दिवशी सकाळी ती उठली आणि सरळ कोनाड्याशी गेली. हळदकुंकवाची टोपली उचलली आणि अंगणात नव्या मातीच्या ढिगावर पालथी केली. एक टोपली जुनी, तीन टोपल्या नवी. पाणी ओतलं, लुगडं वर खोचलं आणि माती तुडवायला पाय उचलला.

ठकूबाई धावत आल्या. "अगं अगं! पुजलेली माती ती! देवाच्या मातीत पाय घालतेस?"

"आत्याबाई, कोनाड्यातल्या मातीचं मडकं होत नाही. तुडवल्याशिवाय माती माती धरत नाही."

"गावाला पायाखाली घेणार तू? मी जिवंत असताना?"

ओरडा ऐकून चिमी बाहेर आली. तिनं ठकूबाईंकडे टकामका बघितलं आणि विचारलं, "आई, या म्हाताऱ्या बाई कोण?"

ठकूबाई जागच्या जागी थांबल्या. ज्या पोरीला त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं, ती पोर. मग त्यांनी डोळे पुसले, लुगड्याचा काष्टा आवळला आणि चिखलात पाय घातला.

"सरक तिकडे, सूनबाई. तुडवायची तर नीट तुडवू. तुझं आपलं नेहमी कच्चं राहतं."

मग सासू-सुना माती तुडवत सुटल्या. थप् थप्, थप् थप्! जुनी माती नवीत शिरली, नवी जुनीला चिकटली. कुठली कुठे ते कळेना. भिवरेनं तुळाजीला चाकावर बसवलं. नाव विसरला होता, पण हात कुठे विसरले होते? माठ झाले, वाळले. एकाला भेग नाही! तांबड्या डोंगराच्या पोटात भाजले. भिवरेनं वाजवून बघितले. खण् खण् खण्!

पहिल्या माठात पाणी भरलं, निवू दिलं आणि पहिला पेला चिमीला दिला. गावच्या मातीत निवलेलं पाणी आठवण आणतं का, म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. पोर गटागटा प्यायली. तोंड पुसलं. आणि म्हणाली, "आजी, किती गार आहे गं!"

ठकूबाईंनी तिला असं कवटाळलं की पेल्यातलं उरलेलं पाणी दोघींच्या अंगावर.

मग तुळाजी प्यायला आणि बायकोला ओळखून ओशाळला. विणकर प्यायला, सुतार प्यायला, माळी प्यायला. आपापलं गाव आठवून आधी रडले, मग एकमेकांना सांगत सुटले, आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं. राजा धास्तावला, आता हे सगळे निघून जातील. पण गेलं नाही कुणी. आपण कोण ते कळल्यावर त्यांना हा देशही जरा आपला वाटायला लागला. राजानं स्वतः तीन पेले पाणी घेतलं आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा राणीशी गोड बोलला. राणीनं वैद्य बोलावला!

आणि उजाडला तिसावा दिवस. कारकून वही घेऊन दारात आला. त्यानं 'राजाचा माणूस' हे शब्द आधीच लिहायला घेतले होते. ठकूबाईंनी त्याच्या हातातली लेखणी धरली.

"थांब. मी सांगते ते लिही. ठकूबाई. गाव चिकणगाव, नदीच्या वळणावरचं. लिहिलंस?"

"नवऱ्याचं नाव?"

"नवऱ्याचं नाव असं कसं घेऊ? उखाण्यात घेईन." आणि ठकूबाईंनी पदर सावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं,

"सोन्याच्या देशात मातीचा माठ,
येसाजीरावांचं नाव घेते, कारकुना, मान ठेव ताठ!"

कारकुनानं मान ताठ केली. मग ठकूबाईंनी सासऱ्यांचं नाव सांगितलं, आजेसासऱ्यांचं सांगितलं, चुलत्यांची सांगितली. नणंदा, त्यांची सासरं, शेजारपाजार, दोन बैल, एक खोडकर शेळी. "लिही लिही, ती पण आमचीच." वहीचं पान भरलं, दुसरं भरलं. भिवरा दारात उभी राहून ऐकत होती. एकेका नावासरशी तिची मान वर वर जात होती.

तिसऱ्या पानावर कारकुनाची मान जी कलली ती कललीच. लेखणी हातात, घोरणं नाकात. आजीच्या मांडीवर म्हादूही झोपला, एकदासुद्धा न खोकता.

ती सगळी तिथं सुखात राहिली. कुठून आलात विचारलं की चिमी छाती काढून 'चिकणगावहून!' असं सांगायची.

ठकूबाई अजून सांगतायत, आता शेळीच्या आईपर्यंत आल्यात. तेवढा कामाचा माणूस कारकून, तोसुद्धा झोपला. आणि तुम्ही बिनकामाचे अजून टक्क जागे? मिटा डोळे. नाहीतर मी टाळकी वाजवून बघेन हं एकेकाची!