भोळ्या कासाराची पहिली विक्री

एका गावात एक भोळा कासार होता. भोळा असंच म्हणायचं, कारण तो माझा नवरा.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. मामंजी लेकीकडे राहायला निघाले. जाताना म्हणाले, "मुरलीधर, बांगड्यांचं दुकान तुझ्यावर सोडतो. धंदा जमला तर दुकान तुझं. नाही तर धाकट्या सोपानचं. मग तू टोपली घेऊन जत्रा फिर."

पहिलीच बाई आली. लेकीच्या लग्नाला हिरवा चुडा हवा होता.

"काचेचा आहे," नवरा म्हणाला. "फुटतो."

बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायची आपली रीत. लग्नाच्या चुड्याला 'फुटतो' म्हणणारा कासार त्या बाईने पहिल्यांदाच पाहिला. ती तशीच पायरी उतरली.

मी जन्मात कुणाला काडेपेटीसुद्धा विकली नव्हती. पण मला सगळं कळत होतं. म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक बांगडी घेत नाही, माया घेतं. 'लेक सासरी जाणार, घर ओकं होणार' असं म्हणावं. डोळ्यांत पाणी आलं की हात पिशवीत जातो."

"बरं."

दुसरी बाई आली. कडेवर वर्षाची पोर. तिला बारक्या बांगड्या हव्या होत्या.

"वहिनी, लेक सासरी जाणार. घर ओकं होणार."

पोर बिचकून रडायला लागली. तिला बघून आई रडली. तेवढ्यात नवऱ्याने आईच्या पिशवीत हात घातला.

आळी गोळा झाली.

"अहो, हे काय केलंत?"

"पाणी आलं. तिचा हात जाईना. मग माझा घातला."

"रडवायचं नसतं तिथे! आनंद करायचा. अभिनंदन म्हणायचं, पेढा द्यायचा."

"बरं."

तिसरे आले नागनाथराव. तोंड उतरलेलं. "बायको भांडून माहेरी गेली रे. चार बांगड्या दे, समजूत काढून आणतो."

"बायको गेली? वा! अभिनंदन! पेढा घ्या."

नागनाथरावांनी पेढा घेतला. बांगड्या नाही घेतल्या.

मी कपाळाला हात लावला. "अहो, आधी समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखा. तेच बोलून दाखवा. 'छान विचार आहे' म्हणा. आणि घाई लावा, आजच उरका, उद्या मन बदलेल."

हे मी त्याच्याकडून घोटून घेतलं. मला वाटलं, इतकं ऐकणारा नवरा कुणाला मिळतो!

मामंजी परत आले. आळीने त्यांना वाटेतच सगळं सांगितलेलं. गल्ल्याशी बसून त्यांनी सुस्कारा सोडला. "मुरल्या, काही सुचत नाही. थोरला तू. तुला डावलायला जीव होत नाही रे."

नवरा सरसावून बसला.

"आबा, दुकान सोपानला द्यावं असं तुमच्या मनात आहे."

"आहे खरं."

"छान विचार आहे! सोपान हुशार. तुमच्या जिवाला घोर नाही. आजच उरका आबा, उद्या मन बदलेल."

पडद्याआड मी मान डोलावत होते. एक शब्द चुकला नाही!

मामंजींचे डोळे भरून आले. त्यांनी सोपानला हाक मारली आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

नवरा धावत आत आला. चेहरा नुसता फुललेला.

"अगं, गिऱ्हाईक पटलं! एका बैठकीत अख्खं दुकान गेलं!"

मी म्हटलं, "बघा! मी सांगत नव्हते?"