मैना आणि आभाळी रंगाची गाडी

कवडसेवाडी नावाच्या डोंगरातल्या गावात मैना राहायची. हल्ली सकाळी जाग आली, की आधी ती बाबांच्या डोळ्यांकडे बघायची. तिच्या बाबांच्या, सावळारामच्या, डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं. शहरात जाऊन लवकर ऑपरेशन केलं नाही, तर ते धुकं कायमचं राहणार होतं. आई नव्हती. घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, बाबांची विजेची गाडी.

इवलीशी, आभाळासारखी निळी गाडी! तिच्यातून बाबांनी गावातली पोरं शाळेत सोडली, आजारी माणसं दवाखान्यात नेली, पण तिच्यावर कधी ओरखडा पडू दिला नाही. मैना मऊ फडक्यानं काचा पुसायची, तेव्हा काचांमधून ढगांची पांढरीशुभ्र पिल्लं दुडदुडत जायची.

"गावातच कुणीतरी घेऊ दे," बाबा म्हणायचे. "गावाच्या उपयोगी पडेल."

पण गावाला तिची भीती वाटायची. "जुनी झाली की उभ्या उभ्या पेटते म्हणे!" कुणीतरी म्हणालं आणि ते घरोघर पसरलं. गाडीजवळून जाताना बाया पोरांना कडेवर उचलून घ्यायला लागल्या.

मग एके दिवशी भंगारवाला झुंबरशेठ आला. त्यानं हातोडीनं गाडीच्या टपावर टक् टक् केलं. "उद्या दिवस मावळेपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर मी नेतो. पत्रा वेगळा, काच वेगळी, चाकं वेगळी!"

बाबा खाली मान घालून "बरं" म्हणाले. मैना मात्र पळत सुटली, ती थेट ओढ्यापलीकडच्या ओसाड बागेत. तिथं कुणी जात नसे. करवंदीचे काटे तिचा फ्रॉक ओढत होते, पालापाचोळ्यात काहीतरी सरसरत होतं. ती अंग चोरून बसली आणि हुंदके देऊ लागली.

तेवढ्यात गुलबक्षीची एक कळी हळूच उमलली. आतून निघाली एक चिमुकली परी! झगा गुलाबी-जांभळा, पंखांवर सोनेरी पराग, डोळे दवबिंदूंसारखे लुकलुकणारे.

"घाबरू नकोस, बाळ. एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम आहेत हं. दुखणं काढून घ्यायची ताकद माझ्यात नाही आणि कुणाचं मन मी बदलत नाही. शिवाय गाडीबद्दल तू खरं तेच बोलायचंस. एक शब्द खोटा गेला, तर गाडी कायमची बंद पडेल."

मैनेनं डोळे पुसले. "मग ज्याला ही गाडी खरंच हवी आहे, असं गावातलं माणूस आमच्या दारी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपार सरली तरी कुणी आलं नाही. सावल्या लांब झाल्या. झुंबरशेठ साखळदंड घेऊन कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. बाबा आत डोळ्यांत औषध घालून पडले होते. आणि तेव्हाच आल्या पारूताई नर्सबाई, वरच्या पाड्यांवर जाऊन बाळांना लस देणाऱ्या. त्यांनी गाडीत बसून एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मैने, पेटते म्हणतात, ते खरं का गं?"

"नाही, ताई. मेकॅनिककाकांनी परवाच सगळी तपासली. काही दोष नाही म्हणाले."

"आणि एकदा चार्ज केली, की करंजपाड्याला जाऊन परत येते ना?"

मैनेनं गाडीकडे पाहिलं. पूर्वी यायची. आता परतताना घळीपाशी बंद पडायची. 'हो' म्हटलं, की बाबांचं ऑपरेशन! पण घळीत बिबट्या फिरतो, आणि तिथं ताई एकट्या... शिवाय परीचा नियम!

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "परत येताना घळीपाशी बंद पडते."

"मग मला कशी चालेल गं?" पारूताई उसासा टाकून निघून गेल्या.

झुंबरशेठ हसतच पुढे आला. साखळदंड खणखणला. मैनेनं गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"थांबा!" पारूताई धापा टाकत परत येत होत्या. "करंजपाड्याच्या गुरुजींना फोन केला. माझ्या लशी देऊन होईस्तोवर शाळेत गाडी चार्ज होईल. मैने, तू हो म्हणाली असतीस तर मी घळीत अडकले असते. गाडी मीच घेणार! आणि पहिली खेप शहरात, वाटेत चार्ज करत, सावळारामदादांना घेऊन."

झुंबरशेठ साखळदंड गोळा करून चालता झाला.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. निळी गाडी गावात परतली, तशी मैना बागेकडे धावली. परी वाटच बघत होती.

"ताईंना परत तूच पाठवलंस ना?"

"नाही गं. मी त्यांना तुझ्या दारी आणलं, तिथं माझं काम संपलं. परत आल्या त्या तुझ्या बोलण्यामुळे."

परीनं इवल्या ओठांनी तिच्या गालाची पापी घेतली आणि ती प्रकाशात विरघळली. गुलाबी, केशरी, रुपेरी प्रकाश! पानन् पान लखलखलं. मैना त्या उजेडात न्हाऊन निघाली.

ओढ्यापलीकडून बाबांची हाक आली, "मैने! दिसलीस गं मला! पार इथून दिसलीस!"