ताशी पंधरा

"...मग पंधराचं दहा करू का, माई?"

गोदामाई ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, दाणे पातेल्यात टाकले.

"कशाचं?"

"वेगमर्यादेचं. वसाहतीतल्या रस्त्यांवर ताशी पंधरा किलोमीटर ठरवलीय. मीच ठरवली. तरी लोक घाबरतात."

"कुणाला घाबरतात?"

विश्वासराव हर्डीकर जरा अडखळले.

"...मला."

हर्डीकर म्हणजे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. भोरच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर 'विश्रांतबन' नावाची ही वसाहत आहे. इथे साठीच्या आतलं माणूस औषधालाही सापडत नाही. हर्डीकर इथे राहायला आले आणि महिन्याभरात रस्ते समितीचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून दुधाच्या टेम्पोपासून पाहुण्यांच्या गाड्यांपर्यंत सगळे सुतासारखे सरळ झाले. खुद्द हर्डीकरांच्या जावयालाही फाटकावर थांबून उपदेश ऐकावा लागला होता, तोही दिवाळसणाला.

गोदामाईंचं वेगळंच. त्यांनी उभा जन्म गावोगाव प्रवचनं केली. मग एकदा भर प्रवचनात "सांगून झालं" म्हणून उठल्या आणि इथे येऊन राहिल्या. त्या बोलायच्या थांबल्या, तसे लोक जास्तच येऊ लागले. माई फारसं काही सांगत नसत. आलेल्याला मात्र कामाला लावत.

त्यांनी मूठभर शेंगा हर्डीकरांच्या पुढ्यात सारल्या.

"तुझ्या गाडीचा काटा कधी पंधराच्या वर गेलाय?"

"एकदाही नाही." हर्डीकरांची मान ताठ झाली. "उतारावर गाडी आपसूक पळायला बघते. डोळ्यांत तेल घालून काट्याकडे पाहावं लागतं. मी पाहतो. चौदावर चालेल, पण सोळा नाही."

"शाबास."

हर्डीकरांना बरं वाटलं. त्यांनी दोन शेंगा सोलल्या. एकीत अळी निघाली.

"मग लोक काय करतात?"

"गाडी दिसली की रस्ता सोडून गवतात उतरतात. काठ्या, वॉकर घेऊन उतरतात हो, माई. आधी मला वाटलं, मान देताहेत."

माईंना असं हसू फुटलं की मांडीवरचं पातेलं कलंडलं आणि ओसरीभर मटार झाले.

"हसू नका, माई."

"बरं."

पण त्या हसतच होत्या.

हर्डीकर खाली बसून दाणे वेचू लागले. वेचता वेचता, मान खालीच ठेवून बोलले.

"आमची ही, नलिनी, गेल्यापासून गाडीत शेजारी कुणी बसलेलं नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर भोजनगृहात उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, मी रोज दुपारी जेवायला गाडीने येतो, गाडीत जागाच जागा असते. गुडघे दुखत असतील त्यांनी वाटेत नुसता हात करा, मी थांबेन."

"मग?"

"कुणी हात करत नाही."

हर्डीकरांनी आणखी एक दाणा पातेल्यात टाकला.

"एकट्याने जेवायला जायचा कंटाळा आलाय, माई. मला वाटलं, गाडी आणखी हळू नेली तर एखादा तरी बसेल."

माईंचं हसू थांबलं. त्यांनी पदराला हात पुसले, कानटोपी नीट केली आणि कोपऱ्यातली काठी उचलली.

"चल."

"कुठे?"

"जेवायला."

"अजून अवकाश आहे. साडेबाराला वाढतात."

"मटार तू असे सोलतोस, तर गाडी कशी चालवतोस ते बघते."

माई शेजारच्या जागेवर बसल्या. हर्डीकरांनी त्यांचा पट्टा लावून दिला, तो दोनदा ओढून पाहिला, आरसे तपासले, माईंच्या फाटकाबाहेर येऊन हॉर्न वाजवला आणि निघाले. डोळे काट्यावर. काटा बारावर आला, चौदावर आला, पंधरावर टेकला आणि तिथेच राहिला.

"बघितलंत?" ते म्हणाले.

"बघितलं."

माई बाहेर बघत होत्या. बागेच्या वळणाशी एक बाई उभी होती. तिने हात वर केला, गाडी जवळ आली तशी घाईघाईने एक पाऊल मागे घेतलं आणि हात खाली सोडला. हर्डीकर काटा सांभाळत होते.

माईंनी डोक्यावरची कानटोपी काढली. जाड, तपकिरी, घरी विणलेली. पुढे वाकून ती स्टिअरिंगच्या मागे, काट्याच्या काचेवर नीट बसवली.

"माई, काटा दिसत नाही."

"हं."

"वेग कसा कळणार?"

माईंनी टोपीची कड आणखी खाली ओढली.

"हा नियमभंग आहे. मी समितीचा अध्यक्ष आहे."

"मग मला शिक्षा दे."

हर्डीकरांनी टोपी काढायला हात पुढे केला. माईंनी त्या हातावर हळूच चापट मारली आणि त्याच हाताने समोर बोट दाखवलं. समोर, काचेबाहेर.

हर्डीकरांनी पाहिलं.

रस्त्याच्या कडेला ठाकूरदेसाई उभे होते. डाव्या हातात काठी, उजवा हात वर. एक पाय आधीच गवतात ठेवलेला.

हर्डीकरांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की माईंचा पट्टा ताणला गेला. त्यांनी काच खाली केली.

"ठाकूरदेसाई, तुम्ही हात का केलात?"

ठाकूरदेसाई गोंधळले. मागे वळून दुसरं कुणी आहे का ते त्यांनी पाहिलं.

"तुम्हीच सांगितलं होतंत, साहेब."

"ते दिवाळीला."

"हो ना. तेव्हापासून करतोय."

"रोज?"

"गुडघा रोज दुखतो."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

"मारली की. तुमची मान खाली. म्हटलं, आपलं अपील फेटाळलं. मग गाडी अंगावर यायला नको म्हणून गवतात उतरायचं, झालं."

हर्डीकरांनी त्या गवताकडे पाहिलं. रोज हा माणूस इथे उभा होता. रोज आपण त्याच्या शेजारून एकटे गेलो. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याच वेळी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांना हसू फुटलं.

ते स्वतः खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि ठाकूरदेसाईंना हाताला धरून बसवलं.

मग ते गाडी घेऊन माघारी वळले. बागेच्या वळणाशी अजून ती बाई उभी होती. झरीना मुल्ला, रुग्णालयातल्या निवृत्त मेट्रन. हातात भलामोठा डबा.

"जजसाहेब, रस्ता चुकलात?"

"हो, झरीनाबाई. बसा."

"आज मान वर आहे ती?"

"माईंची कृपा."

"डबा मांडीवर नाही मावायचा हां. त्याला वेगळी जागा लागते. गाजरहलवा आहे, सगळ्यांसाठी."

डब्यालाही जागा मिळाली. गाडी निघाली. हर्डीकर डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते. या रस्त्याला पारिजातकाची झाडं आहेत, हे त्यांना आज कळलं. कुणी हात केला की ते थांबत, कुणी नुसताच फिरत असला तरी थांबत आणि "येताय का?" म्हणून विचारत. एकाने नको म्हटलं, तर त्याच्याशी सांध्यांच्या तेलावर बोलणं झालं. मागून दुधाचा टेम्पो आला तेव्हा हर्डीकरांनी गाडी कडेला घेतली आणि त्याला हाताने पुढे जायला सांगितलं. टेम्पोवाल्याने आधी ब्रेकच दाबला. त्याला वाटलं, पकडलं.

कारंज्यापाशी भागीरथीबाई बापट वॉकर धरून उभ्या होत्या. हर्डीकरांनी वॉकर मागे डिकीत ठेवला. पण भागीरथीबाईंचा पाय दुमडेना आणि मागच्या जागेत त्यांना शिरता येईना.

माईंनी आपला पट्टा सोडला, दार उघडलं आणि काठी टेकत खाली उतरल्या.

"इथे बस गं, भागीरथी. पाय लांब कर."

भागीरथीबाई पुढे बसल्या. हर्डीकरांनी पलीकडून येऊन त्यांचा पट्टा लावला. तो ओढून बघायचं ते विसरले, कारण मागे झरीनाबाईंनी डबा उघडला होता आणि ठाकूरदेसाई साखरेचं पथ्य असल्याचं सांगत चमचा शोधत होते. गाडीत एकच हशा चालला होता. शेजारची जागा भरली होती आणि हर्डीकरांचे डोळेही.

आपल्या जागेवर बसून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"माई, भोजनगृह अजून लांब आहे. तुम्हाला उशीर होईल. यांना सोडून मी तुम्हाला न्यायला येतो."

"साहेब," मागून झरीनाबाई म्हणाल्या, "पुढे बघा, अजून दोघांनी हात केलाय."

माईंनी काठी सावरली आणि चालायला सुरुवात केली.

"तुम्ही या सावकाश. मी पोचते तुमच्या आधी."